तिसऱ्या मजल्यावरची खाट

मा. आयुक्त, ठाणे महानगरपालिका
आणि
मा. आयुक्त, कल्याण-डोंबिवली महानगरपालिका
यांस,

मी डोंबिवली पूर्वेला राहते. एका सरकारी रुग्णालयात एकतीस वर्षं परिचारिका होते, शेवटची काही वर्षं वॉर्डची इनचार्ज सिस्टर. निवृत्त झाल्यावर पहिल्याच महिन्यात शेजारच्या इमारतीतली एक सून दारात येऊन उभी राहिली. "सिस्टर, सासऱ्यांच्या पाठीला काहीतरी झालंय, जरा बघता का?" मी बघायला गेले, आणि तेव्हापासून जातेच आहे. आज माझ्या घरापासून चालत पंधरा मिनिटांच्या अंतरात अंथरुणाला खिळलेली अकरा माणसं मला ठाऊक आहेत. मी कुठे मोजायला गेले नव्हते. एकीने दुसरीला सांगितलं, दुसरीने तिसरीला, आणि नावं माझ्यापर्यंत आली. ज्यांच्या घरातून कुणी आलंच नाही, त्यांचा मला पत्ता नाही. आपल्यालाही नाही. हे पत्र लिहायचं कारण तेवढंच आहे.

त्या सासऱ्यांपासून सुरुवात करते. त्यांना आजोबा म्हणते. वय अठ्ठ्याहत्तर, आयुष्यभर रेल्वेत नोकरी. अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेली, वाचा अडखळू लागली. अकरा दिवसांनी घरी सोडलं. डिस्चार्ज कार्डावर औषधं होती आणि खाली डॉक्टरांच्या अक्षरात इंग्रजीत एक ओळ होती: दर दोन तासांनी कूस बदला. सुनेने औषधं चोख दिली. ती ओळ तिला कुणी वाचून दाखवली नाही, आणि वाचली असती तरी सत्तर किलोच्या माणसाला एकटीने कुशीवर कसं करायचं हे तिला कोण शिकवणार होतं? सासरे उताणे झोपून होते, शांत होते, जेवत होते. तिला वाटलं सगळं ठीक चाललंय.

मी चादर बाजूला केली तेव्हा माकडहाडावर वाटीएवढी जखम होती. कडा काळपट, आत पिवळट, आणि खोलीत पाय ठेवताच येणारा तो वास, जो परिचारिकेला आयुष्यभर विसरता येत नाही. आम्ही त्याला बेडसोर म्हणतो. माणूस एकाच जागी पडून राहिला की हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी चेंगरते, तिथलं रक्त थांबतं, आणि काही तासांतच ती जागा लाल होते. त्या वेळी कूस बदलली तर लाली ओसरते. नाही बदलली तर कातडी मरते, मग तिच्या खालचं मांस. सून भिंतीला टेकून रडत होती. "माझ्या हातून झालं ना हे?" म्हणाली. मी तिला सांगितलं ते आपल्यालाही सांगते. तिच्या हातून काहीही झालेलं नव्हतं. आडवी घडी केलेली जुनी साडी कमरेखाली घालायची, दोन्ही टोकं धरून माणसाला आपल्याकडे ओढायचं, पाठीमागे उशी लावायची, गुडघ्यांच्या मध्ये एक आणि टाचा गादीला टेकू नयेत म्हणून पोटऱ्यांखाली एक. शिकवायला मला पंधरा मिनिटं लागली. ती जखम भरायला पाच महिने लागले.

आजोबा राहतात ती इमारत तळमजला अधिक तीन, लिफ्ट नाही. पंधरा दिवसांनी दाखवायला आणा असं सांगितलं होतं. प्लॅस्टिकच्या हातवाल्या खुर्चीत बसवून, छातीपाशी ओढणीने बांधून, चौघांनी त्यांना खाली उतरवलं: मुलगा, समोरच्या बिऱ्हाडातला कॉलेजचा पोरगा, वॉचमन आणि रिक्षावाला. जिन्याच्या वळणावर खुर्ची तिरकी झाली आणि आजोबांच्या तोंडून जो आवाज निघाला तो ऐकून बायका दारं उघडून बाहेर आल्या. तो त्यांचा घराबाहेरचा शेवटचा दिवस. १०८ ची रुग्णवाहिका येते, तिचे मी आभारच मानते, पण ती फाटकापर्यंत येते; या जिन्यात स्ट्रेचर वळत नाही. आमच्याकडे मग एक वाक्य बोललं जातं: "आता खाली नेणं होत नाही." घराघरांत ते मी ऐकलंय. ते वाक्य बोललं गेलं की माणूस उपचारांतून बाहेर पडतो. पुढे जे होतं ते चार भिंतींत होतं.

डोंबिवलीची ही घरं कुणी घेतली ते आठवून बघा. सत्तर-ऐंशीच्या दशकात गिरगाव, दादर, परळ, लालबागच्या दहा बाय बाराच्या खोल्यांतून बाहेर पडलेली रेल्वेतली, बँकेतली, गिरणीतली, मंत्रालयातली माणसं. पस्तिशीत होती. कर्ज काढून तिसऱ्या मजल्यावर घर घेतलं, वारा चांगला येतो म्हणून. सकाळी सहाची लोकल पकडायला त्यांनी हेच जिने धावत उतरले. आता ती पंच्याहत्तर-ऐंशीची झाली आहेत आणि इमारतीही त्यांच्याबरोबर म्हाताऱ्या झाल्या आहेत. ठाण्यात नौपाडा, कोपरी, वर्तकनगरच्या जुन्या इमारतींत हेच, कल्याणला पारनाक्याच्या आसपास हेच.

पण खाटेवरचं माणूस म्हातारंच असतं असं नाही, आणि त्याला जिना तरी असतो असंही नाही. कल्याण पूर्वेला एका चाळीत मी ओळखीतून जाते. तिथला मुलगा सत्तावीस वर्षांचा आहे. गर्दीच्या लोकलमधून पडला, मणक्याला मार बसला, कमरेखाली जाणीव नाही. २०२५ च्या ९ जूनला मुंब्र्याजवळ लोकलमधून माणसं पडून मेली तेव्हा सगळा महाराष्ट्र हळहळला. पडून जे जगतात ते कुठे जातात हे कुणी विचारत नाही. ते अशा खोल्यांत जातात. त्याची आई चार घरी पोळ्या करते. सकाळी आठला जाते, एकला येते. जाताना त्याच्या हाताशी पाण्याची बाटली, मोबाईल आणि बिस्किटाचा पुडा ठेवते, लघवीची पिशवी रिकामी करते आणि दाराला बाहेरून कडी घालते, कारण कुत्री आत येतात. पाच तास. त्याची लघवीची नळी ठरावीक मुदतीने बदलावी लागते. ती बदलायला रिक्षा, रांग आणि आईचा एक दिवसाचा खाडा. म्हणून मुदत उलटते, नळी तुंबते, थंडी वाजून ताप येतो, मग पोराला दाखल करावं लागतं. दोन वर्षांत हे तीनदा झालं. नळी बदलायला शिकलेल्या हाताला अर्धा तासही लागत नाही.

कळव्या-मुंब्र्याच्या डोंगरउतारावरच्या वस्त्यांत तर शौचालयच पायऱ्या उतरून खाली असतं. लकवा झालेल्या बाईने तिथे काय करायचं? अशाच एका बाईच्या घरच्यांनी खाटेच्या मधोमध भोक पाडून खाली बादली ठेवली होती. मी ते पाहिलं आणि त्यांच्या कल्पकतेला मनापासून हात जोडले. आजार सगळ्यांना सारखाच होतो. पण घोडबंदरच्या बाविसाव्या मजल्यावर, लिफ्ट असलेल्या घरात, मुलगा परदेशातून पैसे पाठवत असताना होणारा लकवा आणि डोंगरावरच्या पत्र्याच्या घरातला लकवा, या दोन वेगळ्या आयुष्यांतल्या गोष्टी आहेत. बाविसाव्या मजल्यावरही दुःख आहे, एकटेपण आहे, त्याला मी कमी लेखत नाही. तिथे निदान हाक मारायला कुणीतरी विकत मिळतं.

आता मोजदादीचं बोलते.

२०११ च्या जनगणनेत ठाणे महापालिका हद्दीत १८ लाख ४१ हजार आणि कल्याण-डोंबिवलीत १२ लाख ४७ हजार माणसं होती. महाराष्ट्रात साठीपुढच्या लोकांचं प्रमाण तेव्हा ९.९ टक्के होतं. तेच प्रमाण धरलं तर दोन्ही शहरांत मिळून तेव्हाच तीन लाखांच्या आसपास ज्येष्ठ नागरिक होते. त्यानंतर दिवा, घोडबंदर, टिटवाळा कुठच्या कुठे वाढले, आणि २७ गावं २०१५ मध्ये पुन्हा कल्याण-डोंबिवलीत आली. शंभर ज्येष्ठांमागे तिघेच अंथरुणावर आहेत असं मी केवळ हिशेबासाठी धरलं तरी जुन्याच लोकसंख्येवर नऊ हजार खाटा होतात. कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय ५०० खाटांचं. म्हणजे तसली अठरा रुग्णालयं आपल्या दोन शहरांत घराघरांत विखुरलेली आहेत, आणि त्यांत एकही सिस्टर ड्युटीवर नाही.

आपण मोजू शकत नाही असं मला वाटत नाही. दरवर्षी पावसाळ्याआधी आपण धोकादायक इमारतींची यादी काढता. सी-१, सी-२ए, सी-२बी, सी-३ अशी वर्गवारी करता, नोटीस चिकटवता. त्यामागे माणसं मेल्याचा अनुभव आहे: २०१३ मध्ये शीळफाट्याजवळ लकी कंपाऊंडची इमारत पडली तेव्हा ७४ जण गेले, २०१५ मध्ये ठाकुर्लीची इमारत पडली, त्याच्याच पुढच्या आठवड्यात नौपाड्यात बी-कॅबिनजवळची पडली. तेव्हा यादी हवीच. पण सी-१, म्हणजे अतिधोकादायक, इमारतीत स्वतःच्या पायाने बाहेर पडू न शकणारी किती माणसं आहेत, कोणत्या मजल्यावर, याची नोंद त्या यादीत नसते. वालधुनी नदीचं पाणी चढतं तेव्हा कोणत्या खोलीत आधी शिरायचं हे बचावपथकाला शेजाऱ्यांना विचारावं लागतं. २६ जुलै २००५ च्या पुरात आम्ही तेच केलं होतं, ओरडून ओरडून विचारत होतो.

आणि खाटेपर्यंत सरकार पोहोचू शकतं हे मी डोळ्यांनी पाहिलंय. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत ८५ वर्षांपुढच्या आणि किमान ४० टक्के अपंगत्व असलेल्या मतदारांना घरून मतदान करता आलं. आमच्याकडे २० मे ला मतदान होतं. त्याच्या काही दिवस आधी आमच्या भागातल्या एका अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या आजींकडे पथक आलं. अधिकारी, मदतनीस, पोलीस, चित्रीकरण करणारा. सगळे धापा टाकत तिसरा मजला चढले. पुठ्ठ्याचा आडोसा करून आजींसमोर धरला, मतपत्रिका दिली, पाकिटं बंद केली, सही घेतली. आजींनी त्या दिवशी नवं पातळ नेसवून घेतलं होतं. त्या मला म्हणाल्या, "बघा, माझ्यासाठी एवढी माणसं आली." मला त्या लोकांचा फार अभिमान वाटला. आणि त्याच वेळी पोटात तुटलं, कारण त्याच पातळाखाली, त्याच माकडहाडावर, त्यांनाही लाल चट्टा पडायला लागला होता आणि तो बघायला त्या जिन्याने कुणीही चढणार नव्हतं.

करोनात २०२० च्या सप्टेंबरपासून 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत आरोग्यपथकं दारोदार फिरली. २०२१ मध्ये मुंबई महापालिकेने अंथरुणाला खिळलेल्या लोकांची नोंद मागवली आणि घरी जाऊन लस दिली. म्हणजे नोंद होऊ शकते, घरीही जाता येतं. एकदाच जायचं असेल तर यंत्रणा जाते. खाटेवरच्या माणसाची गरज मात्र दर दोन तासांची असते, महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षं. ती गरज आज कोण भागवतं?

एक म्हणजे घरातली बाई. माझ्या अकरा घरांपैकी आठ घरांत सून, दोन घरांत मुलगी, एका घरात ऐंशीची बायको. आजोबांच्या सुनेची ठाण्यात चांगली नोकरी होती. आधी बिनपगारी रजा, मग राजीनामा. तिची स्वतःची कंबर गेली आहे, आणि गेल्या तीन वर्षांत ती एकाही लग्नाला गेलेली नाही. तिला कुणी विचारत नाही की तू कशी आहेस, विचारतात ते "आजोबा कसे आहेत?" मीही पहिले सहा महिने तेच विचारत होते, याची मला खंत आहे.

दुसरी, नर्सिंग ब्युरोतून येणारी मावशी. बारा तासांची ड्युटी, महिन्याला पंधरा ते वीस-बावीस हजार, त्यातून ब्युरोचं कमिशन. ज्या घरांना परवडतं तिथे तिच्यावरच सगळं चालतं. नाकातल्या नळीने भरवणं, कफ ओढणं, डायपर, अंग पुसणं, आणि मध्यरात्री श्वास बदलला तर ओळखणं. यांतलं कित्येकींना कुणी रीतसर शिकवलेलं नसतं. एकमेकींचं बघून शिकतात. मी ओळखते ती मावशी दिव्याला राहते. तिच्या आईला पार्किन्सन आहे. ती पहाटे आईला भरवते, शेजारणीला चावी देते आणि नौपाड्यातल्या एका आजींना आंघोळ घालायला लोकल पकडते. "दुसऱ्याच्या आईची पाठ पुसताना माझी आई कोरडी आहे का ओली, हेच डोक्यात असतं," असं तिने मला सांगितलं, आणि मग घाईने म्हणाली, "पण मी काम नीट करते हां सिस्टर." नीट करते, हे मी बघितलंय.

योजना नाहीत असं मी म्हणणार नाही. २०२४ च्या ऑक्टोबरपासून सत्तरीपुढच्या सगळ्यांना आयुष्मान भारतमध्ये वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार आहेत, राज्याची महात्मा फुले योजना आहे. दोन्ही चांगल्या आहेत, पण त्या प्रामुख्याने दाखल झालेल्या रुग्णासाठी आहेत. दाखल झालं की पैसे मिळतात, घरी नीट सांभाळलं तर छदाम मिळत नाही. बेडसोर होऊ नये म्हणून लागणारी हवेची गादी घरच्यांनी पदरच्या पैशाने घ्यायची, आणि बेडसोर सडून रक्तात विष पसरलं की मग योजना लागू होणार. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत साधनांसाठी एकदाच तीन हजार मिळतात. श्रावणबाळ योजनेत महिन्याला दीड हजार, तेही वर्षाचं उत्पन्न एकवीस हजारांच्या आत असेल तर. मोठ्या माणसाचे डायपर दिवसाला तीन धरले तरी महिन्याला नव्वद लागतात. दीड हजारात त्यातले निम्मे आले तर आले.

आणखी एक गोष्ट आपल्या हातात असूनही निसटते आहे. आपल्या उत्पन्नातला पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी राखायचा असतो. लकव्याने पडलेला माणूस, मणका मोडलेला पोरगा, हे दिव्यांगच आहेत. पण त्यासाठी प्रमाणपत्र हवं, आणि प्रमाणपत्रासाठी रुग्णालयात तपासणीला जायला हवं. जो उठू शकत नाही त्याने आपण उठू शकत नाही हे दाखवायला तीन मजले उतरून यायचं. कल्याणच्या त्या मुलाची आई दोनदा कागद घेऊन गेली. दोन्ही वेळा तिला "पेशंटला घेऊन या" असं सांगण्यात आलं. निवृत्तिवेतनासाठी हयातीचा दाखला करायला आता पोस्टमन घरी येतो. मग अपंगत्व तपासायला डॉक्टर का येऊ शकत नाहीत?

२००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात सरकारी रुग्णालयांत ज्येष्ठांसाठी खाटा, वेगळी रांग, जुनाट आणि असाध्य आजारांवरच्या सोयी वाढवणं, हे सगळं आहे. मी तो नीट वाचलाय. त्यातली रांगसुद्धा चालत येणाऱ्यासाठी आहे. मुलांनी सांभाळलं नाही तर दाद मागायला प्रांताधिकाऱ्यांकडे जाता येतं. पण माझ्या ओळखीच्या अकराही घरांत घरची माणसं सांभाळतायत, जिवापाड सांभाळतायत. त्यांना न्यायाधिकरण नको आहे, त्यांना आठवड्यातून एकदा दारात सिस्टर हवी आहे.

हे स्वप्नरंजन नाही. केरळात १९९३ मध्ये कोझिकोडला काही डॉक्टरांनी पॅलिएटिव्ह केअरचं, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या रुग्णांचा त्रास कमी करणाऱ्या शुश्रूषेचं, काम सुरू केलं, पुढे मलप्पुरमच्या गावागावांत साध्या लोकांनी ते उचललं, आणि २००८ मध्ये राज्याने त्याचं धोरण केलं. आज तिथे पंचायतीची परिचारिका पिशवी घेऊन घरी जाते. जखम बांधते, नळी बदलते, घरच्यांना शिकवते. खर्च स्थानिक स्वराज्य संस्था आपल्या अंदाजपत्रकातून करते. तेवढं लांब जायचं नसेल तर गडचिरोलीला बघा. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'ने गावातल्याच बायकांना शिकवून नवजात बाळांची घरी काळजी घेतली. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये ते संशोधन आलं तेव्हा नवजात बाळांचे मृत्यू साठ टक्क्यांहून जास्त खाली आले होते. तीच पद्धत २०११ पासून देशभर आशाताई वापरतात, बाळ जन्मल्यावर बेचाळीस दिवसांत ठरलेल्या भेटी देतात. गावातली बाई शिकून बाळाचा श्वास मोजू शकते, तर आमच्या वस्तीतली बाई शिकून म्हाताऱ्याच्या टाचेवरचा लाल चट्टा ओळखू शकते. बाळाच्या घरी जायची वाट महाराष्ट्राने देशाला दाखवली. आयुष्याच्या दुसऱ्या टोकाला आपण का थांबलो?

मात्र हे काम आशाताईंच्या डोक्यावर आणखी एक रजिस्टर म्हणून टाकू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. त्या आधीच मोबदल्यावर राबतायत. वेगळी माणसं नेमा आणि त्यांना नियमित पगार द्या.

राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानात साधारण पन्नास हजार लोकवस्तीला एक नागरी आरोग्य केंद्र असं माप आहे. त्या प्रत्येक केंद्राला घरी जाणारी एक प्रशिक्षित परिचारिका द्या, तिच्या हाताखाली त्याच वस्तीतल्या दोन-तीन शिकवलेल्या मावश्या द्या. ब्युरोत राबणाऱ्या बायकांना यात आधी घ्या. त्यांचे हात तयार आहेत, फक्त त्यांना शिक्षण, ओळखपत्र आणि मान हवा आहे. सगळ्यात आधी यादी करा. मालमत्ता कराचं बिल प्रत्येक दारात जातंच, त्याच्यासोबत एका ओळीचा प्रश्न पाठवा: घरात स्वतःहून उठू न शकणारं कुणी आहे का? झोपडपट्टीत जिथे बिल जात नाही तिथे माणूस पाठवा. ती यादी प्रभाग कार्यालयात, आरोग्य केंद्रात आणि अग्निशमन केंद्रात असू दे. ती चव्हाट्यावर येऊ नये याचीही काळजी घ्या, एकट्या म्हाताऱ्यांचे पत्ते चोरांनाही हवे असतात. आणि शास्त्रीनगर, रुक्मिणीबाई, कळवा या रुग्णालयांतून रुग्ण घरी जाताना डिस्चार्ज कार्डाची एक प्रत त्याच्या भागातल्या आरोग्य केंद्राला जाऊ द्या, मराठीत लिहिलेली, म्हणजे कूस बदलायची ती ओळ कुणीतरी वाचेल. डोकं वर उचलता येणारी फाउलरची खाट, हवेची गादी, कमोडची खुर्ची भाड्याने किंवा अनामत घेऊन देणारी रुग्णसाहित्य केंद्रं आपल्याकडे संस्था-मंडळं चालवतात. माणूस गेला की ती गादी धुऊन परत येते आणि दुसऱ्या घरी जाते. त्यांना प्रत्येक प्रभागात एक खोली दिलीत तरी खूप होईल. सांभाळणाऱ्या बाईला वर्षातून चार-पाच दिवस सुटी मिळावी म्हणून तेवढे दिवस रुग्णाला ठेवायला काही खाटा राखता आल्या, तर आजोबांची सून तरी काय करेल हे मला माहीत आहे. ती झोपेल.

खर्चाचं विचाराल, तर हे न केल्याचा खर्च आधी बघा. ऑगस्ट २०२३ मध्ये कळव्याच्या रुग्णालयात चोवीस तासांत अठरा रुग्ण दगावले. ते ठाण्याचे होते, कल्याणचे होते, शहापूरचे होते, आणि बरेचजण पन्नाशीच्या पुढचे होते. त्यातल्या कुणाचं काय चुकलं याचा निवाडा मी करत नाही, तो माझा अधिकार नाही. पण वॉर्डात एकतीस वर्षं उभी राहिलेली बाई म्हणून एवढं सांगते: रात्री अडीचला शेवटच्या घटकेला आणलेला रुग्ण बहुतेक वेळा पंधरा दिवस आधीच घरी खालावत असतो. तो ताप, ती कोरडी जीभ, तो बदललेला लघवीचा रंग, कुणीतरी ओळखायला हवं असतं. ते घरी ओळखलं तर एक गोळी आणि सलाईन. नाही ओळखलं तर खाट, आयसीयू, आणि तीन सिस्टरांच्या जागी एकटी उभी असलेली एखादी मुलगी, जिला चाळीस रुग्ण सांभाळायचे आहेत. मी ती मुलगी होते.

रमाबाई रानड्यांनी पुण्यात सेवासदन काढलं तेव्हा चांगल्या घरच्या मुलींनी परक्यांची शुश्रूषा करायची ही कल्पनाच लोकांना झेपत नव्हती. त्यांनी तरीही मुलींना परिचारिका केलं, आणि त्या वाटेने चालत माझ्यासारख्या कितीतरी जणी आल्या. आता निवृत्त झालेल्या आमच्यासारख्या सिस्टर प्रत्येक सोसायटीत, प्रत्येक चाळीत आहेत. आम्हाला शिकवायला बोलवा. मी मानधन न घेता शिकवीन, आणि माझ्या ओळखीच्या पाच जणी तयार आहेत, त्यांना विचारूनच हे लिहितेय.

आपल्यापैकी कुणाला, किंवा आपल्या वैद्यकीय आरोग्य अधिकाऱ्यांना, एकदा सोबत यायचं असेल तर मी सोमवार, बुधवार आणि शनिवारी सकाळी साडेनऊला घरातून निघते. बुधवारी आधी आजोबा. जखम आता भरली आहे, नवी कातडी गुलाबी आणि पातळ आहे, तिला जपावं लागतं. सून दार उघडायच्या आधी साडीची घडी कमरेखाली घालून ठेवते. त्या दिवशी दोघी मिळून त्यांना खिडकीकडे तोंड करून बसवतो, दहा मिनिटं, त्यांना खालचा रस्ता दिसावा म्हणून. येणार असाल तर गाडी कोपऱ्यावरच लावावी लागेल, गल्लीत वळत नाही. जिना अरुंद आहे, दुसऱ्या मजल्यावरचा दिवा लागत नाही, कठड्याला धरून या.

आपली नम्र,
एक निवृत्त परिचारिका
डोंबिवली (पूर्व)